एका गोळीतली दोन औषधं

पांढरकवडा असो, वणी असो की आर्णी, आठवडी बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानापुढे थोडा वेळ उभं राहिलं की हे वाक्य हमखास कानावर येतं: "पोट दुखून राह्यलं भाऊ, दोन गोळ्या द्या." दुकानदार खण उघडतो, पट्टी काढतो आणि कात्रीनं दोन गोळ्यांचा तुकडा कापून हातावर ठेवतो. पैसे देऊन माणूस निघतो. गोळी बहुतेक वेळा काम करते, अर्ध्या-पाऊण तासात मुरडा ओसरतो, आणि पुढच्या खेपेला तीच गोळी मागितली जाते. घरात कुणाचंही पोट दुखलं की तीच.

तो कापलेला तुकडा हातात घेऊन नीट पाहावा. चकचकीत फॉइलवर नावाची शेवटची तीनचार अक्षरं उरलेली असतात. घटक कोणते आणि किती मिलिग्रॅम हे सांगणारी ओळ मधोमध तुटलेली असते. बॅच क्रमांक आणि वापरण्याची मुदत पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते, आणि ते टोक दुकानातच राहतं. लाल रेघ असली तर ती अर्धी दिसते. 'डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये' ही सूचनाही अशीच अर्धी. म्हणजे घरी जाते ती एक बिननावाची गोळी. काही बिघडलं आणि रुग्णाला यवतमाळच्या रुग्णालयात न्यावं लागलं, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "काय घेतलं होतं?" त्यावर उत्तर मिळतं, "पोटदुखीची पांढरी गोळी." तेवढ्यानं काही कळत नाही.

म्हणून पहिली सवय अगदी साधी आहे. पट्टी कापण्याआधी तिची पाठ मोबाइलमध्ये टिपून घ्यायची, किंवा बिल मागायचं. ऑगस्ट २०२३ पासून सर्वाधिक खपाच्या ३०० ब्रँडांच्या वेष्टनावर क्यूआर कोड छापणं केंद्र सरकारनं बंधनकारक केलं आहे. तो असेल तर त्यातही औषधाचं मूळ नाव आणि मुदत सापडते. मूळ नाव महत्त्वाचं आहे, कारण पोटदुखीची म्हणून जी गोळी आपण घेतो ती बहुधा एक औषध नसते. तिच्यात दोन औषधं असतात. दोघांची कामं वेगळी, तशीच दोघांची पथ्यंही वेगळी.

आपल्याकडे सर्वांत जास्त चालणाऱ्या जोडीत डायसायक्लोमिन १० मिलिग्रॅम आणि मेफेनॅमिक ॲसिड २५० मिलिग्रॅम असतं. मेफ्टल-स्पास या नावानं ती घराघरांत ओळखीची आहे. दुसरी जोडी डायसायक्लोमिन २० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची, सायक्लोपाम नावाची. तिसरीत डायसायक्लोमिनच्या जागी ड्रोटाव्हेरिन असतं.

डायसायक्लोमिन अमेरिकेत १९४५च्या सुमारास तयार झालं. आतड्याच्या भिंतीत स्नायूंचे थर असतात. ते आपल्या इच्छेनं नाही, तर मज्जातंतूंच्या हुकमानं आकसतात आणि सैलावतात. हा हुकूम ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन पोचवतं. आतडं चिडलं की हुकमांची गर्दी होते, स्नायू आवळले जातात आणि कळ येते. डायसायक्लोमिन ॲसिटिलकोलिनची वाट अडवतं, शिवाय स्नायूलाही थोडं थेट सैल करतं. त्यानं मुरडा सुटतो. मेफेनॅमिक ॲसिडची वाट निराळी आहे. पार्क-डेव्हिस या कंपनीत १९६१ मध्ये निघालेलं हे वेदनाशामक आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांच्या गोतातलं. शरीरात दुखापत किंवा सूज आली की प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. ती वेदनेच्या तंतूंना जागं करतात. मेफेनॅमिक ॲसिड त्यांची निर्मितीच रोखतं.

मासिक पाळीत गर्भाशयाचं अस्तर सुटताना याच प्रोस्टाग्लँडिनचा पूर येतो. त्यामुळे गर्भाशय जोरानं आवळतं, त्याचा रक्तपुरवठा काही क्षण तुटतो आणि ओटीपोटात, कमरेत, मांड्यांत कळा जातात. या दुखण्यावर मेफेनॅमिक ॲसिड खरोखर गुणकारी आहे, आणि ते वेळेवर घेणाऱ्या मुलीला 'सहन कर, सवय होईल' असं सांगणं अन्यायाचं आहे. कळ सुरू होताच, जेवणानंतर, दोन किंवा फार तर तीन दिवस, असा त्याचा वापर असतो. डायसायक्लोमिनची जोड मिळाल्यानं पाळीच्या दुखण्यात नेमका किती जादा आराम पडतो, याचे पुरावे मात्र तोकडे आहेत. उलट, ताणामुळे वारंवार आतडं मुरडणाऱ्या माणसाला आतडं सैल करणारं औषध पुरेसं होतं. त्याला वेदनाशामकाची गरज नसते. जोडगोळी घेताना अनेकदा एक औषध कामाचं असतं आणि दुसरं उगाच पोटात जातं. उगाच गेलं तरी आपला दुष्परिणाम ते सोडत नाही.

हे दुष्परिणाम औषधासोबतच्या कागदावर छापलेले असतात. तो कागद साऱ्या जगासाठी एकच आहे. यवतमाळ जिल्ह्यात तो वाचायचा तर इथलं ऊन, इथलं पाणी, इथलं रक्त आणि इथली पऱ्हाटी डोळ्यांपुढे ठेवून वाचावा लागतो.

उन्हापासून सुरुवात करू. मे महिन्यात इथला पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा दिवसात शरीर थंड ठेवण्याचा एकच खात्रीचा उपाय असतो, तो म्हणजे घाम. घामाच्या ग्रंथींनाही हुकूम पोचतो तो ॲसिटिलकोलिनकडूनच. आतड्याची वाट अडवणारं डायसायक्लोमिन घामाचीही वाट अडवतं. म्हणूनच या औषधाच्या माहितीपत्रकात तीव्र उष्णतेच्या ठिकाणी घाम कमी होऊन ताप चढण्याचा, उष्माघाताचा इशारा असतो. थंड हवेच्या गावात या ओळीला फारसा अर्थ नाही. बाभूळगाव किंवा राळेगावच्या शेतात दुपारी वखराची पाळी घालणाऱ्या किंवा रस्त्याच्या कामावर खडी वाहणाऱ्या माणसासाठी त्या पत्रकात याहून मोलाची ओळ नाही.

दुसऱ्या अर्ध्याचं काय होतं ते पाहा. अंगातलं पाणी कमी झालं की मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त घटतं. तेव्हा मूत्रपिंड स्वतःच प्रोस्टाग्लँडिन तयार करून आपल्याकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतं. मेफेनॅमिक ॲसिड प्रोस्टाग्लँडिन रोखतं तेव्हा चांगलं कोणतं आणि वाईट कोणतं हा भेद करत नाही. गर्भाशयातलं रोखतं तसं मूत्रपिंडातलंही रोखतं. उन्हात दिवसभर राबलेल्या, पाणी कमी प्यालेल्या, उलट्या किंवा हगवण झालेल्या माणसानं ही गोळी घेतली तर मूत्रपिंडाला अचानक इजा होऊ शकते. लघवी कमी होते, गडद होते, पायांवर सूज येते, आणि हे सारं पोटदुखी थांबल्यावर होत असल्यानं त्याचा गोळीशी असलेला संबंध कुणाच्या ध्यानातही येत नाही. उन्हाळ्यात एकाच गोळीतलं एक औषध घाम रोखतं आणि दुसरं मूत्रपिंडाची तजवीज काढून घेतं. म्हणून गोळी घ्यावीच लागली तर त्या दिवशी उन्हात कामाला जाऊ नये, हा सल्ला मला सर्वांत आधी द्यावासा वाटतो. रोजमजुरी बुडणाऱ्या बाईला हे ऐकवणं किती जड आहे याची जाणीव आहे. पण गोळी घेऊन, उपाशीपोटी, भर दुपारी शेतात जाणारी बाईच या औषधाच्या दोन्ही अर्ध्यांच्या तावडीत सापडते.

उपाशीपोटी घेण्याचा धोका वेगळा. जठराच्या आतल्या भिंतीवर चिकट द्रवाचं जे संरक्षक अस्तर असतं, तेही प्रोस्टाग्लँडिनच्या जोरावर टिकतं. रिकाम्या पोटी, वारंवार घेतलेल्या वेदनाशामकानं तिथे जखम होते. पोट दुखतं म्हणून घेतलेली गोळीच पोटाला जखम करते, आणि ती जखम दुखते म्हणून पुन्हा तीच गोळी घेतली जाते. शी काळी, डांबरासारखी झाली तर तो जठरातला रक्तस्राव असू शकतो. अशा वेळी गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. मेफेनॅमिक ॲसिडची आणखी एक खोड त्याच्या भाऊबंदांपेक्षा जास्त आहे. त्यानं काहींना जुलाब लागतात. जुलाब लागले की पोटात मुरडा येतो, म्हणून माणूस आणखी एक गोळी घेतो. या चक्रात सापडलेल्यांनी औषध थांबवणं हाच इलाज.

आता पाण्याकडे येऊ. यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक गावांच्या, विशेषतः पांढरकवडा परिसरातल्या, भूजलात फ्लोराइडचं प्रमाण जास्त आहे. वर्षानुवर्षं ते पाणी पिऊन सांधे आणि कणा आखडलेली माणसं या भागात भेटतात. त्यांची वेदनाशामक गोळी रोजचीच असते, कुणाची डायक्लोफिनॅक तर कुणाची आयब्युप्रोफेन-पॅरासिटामॉलची जोडगोळी. अशा आजोबांच्या पोटात गोळा आला आणि नातवानं घरात पडलेली पोटदुखीची गोळी दिली, तर त्यांच्या पोटात एकाच गोतातली दोन वेदनाशामकं गेली. त्यात ते रक्तदाबाची गोळी घेत असतील, लघवी वाढवणारं औषध चालू असेल, तर मूत्रपिंडावर तिहेरी भार पडतो. शिवाय म्हाताऱ्या पुरुषांची प्रोस्टेट वाढलेली असते. डायसायक्लोमिननं लघवी पार अडू शकते. काचबिंदू असेल तर डोळ्यातला दाब वाढतो. वृद्धांना कधी भ्रमही होतो. पोटाची गोळी घेतल्यापासून आजोबा असंबद्ध बोलू लागले, तर ते वयामुळे असेल असं म्हणून सोडून देऊ नये.

एकच औषध दोन नावांनी पोटात जाण्याचा हा प्रकार फार सहज घडतो. सायक्लोपामच्या गोळीत पॅरासिटामॉल आहे. अंगात कणकण आहे म्हणून सोबत तापाची गोळी घेतली की पॅरासिटामॉल दुप्पट झालं. मोठ्या माणसाला दिवसात एकूण ४ ग्रॅम ही त्याची वरची हद्द, आणि दारू पिणाऱ्या, कावीळ झालेल्या, अशक्त माणसासाठी ती त्याहून बरीच खाली येते. नावातल्या साम्यानंही फसगत होते. मेफ्टल-पी हे लहान मुलांच्या तापाचं, नुसत्या मेफेनॅमिक ॲसिडचं. मेफ्टल-फोर्टेत मेफेनॅमिक ॲसिडसोबत पॅरासिटामॉल. मेफ्टल-स्पासमध्ये डायसायक्लोमिन. पहिलं नाव एक, पोटातला माल तीन तऱ्हांचा. सायक्लोपामची गोळी आणि त्याच नावाचं पातळ औषध यांतही फरक आहे. पातळ औषधात डायसायक्लोमिनच्या जोडीला गॅसवरचं सिमेथिकॉन असतं. दुकानात नुसतं 'मेफ्टल द्या' म्हणणं म्हणूनच अपुरं आहे.

तान्ह्या बाळांबद्दल मात्र काही 'जर-तर' नाही. सहा महिन्यांखालच्या बाळाला डायसायक्लोमिन देऊ नये. बाळ रात्री कळवळून रडतं, पाय पोटाशी घेतं, आणि घरातली मोठी माणसं मोठ्या मुलाच्या बाटलीतले चार थेंब पाजतात. या औषधानं तान्ह्या बाळांचा श्वास मंदावल्याच्या, थांबल्याच्या, झटके आल्याच्या नोंदी १९८०च्या दशकातच झाल्या, आणि त्यानंतर अनेक देशांनी या वयासाठी ते वर्ज्य केलं. ते आईच्या दुधातून बाळापर्यंत पोचतं, त्यामुळे पाजणाऱ्या आईनंही घेऊ नये. गरोदरपणात मेफेनॅमिक ॲसिडचा धोका दुसरा आहे. २०व्या आठवड्यानंतर अशा वेदनाशामकांनी गर्भाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑक्टोबर २०२० मध्ये तसा इशारा दिला. दम्याच्या रुग्णांपैकी ज्यांना ॲस्पिरिननं धाप लागते त्यांनाही ही गोळी चालत नाही.

इथवर गोळी काय करते ते पाहिलं. पण मला वाटतं, गोळीइतकाच दुखण्याचाही विचार आधी व्हायला हवा. काही दुखणी अशी असतात की ती थांबवण्याआधी ओळखावी लागतात.

अपेंडिक्सचं दुखणं बहुधा बेंबीभोवती सुरू होतं. भूक मरते, एखादी उलटी होते, आणि काही तासांनी दुखणं उजवीकडे खाली सरकतं. चालताना, खोकताना, गाडीला दचका बसला की ते चमकतं. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात रुग्णांना विचारलं होतं, दवाखान्यात येताना रस्त्यावरच्या गतिरोधकांवर दुखणं वाढलं का? ज्यांचं अपेंडिक्स सुजल्याचं नंतर सिद्ध झालं अशा ३४ जणांपैकी ३३ जण 'हो' म्हणाले होते. घाटंजी किंवा झरी-जामणीहून जीपनं येणाऱ्या रुग्णाला हा प्रश्न सहज विचारता येतो. झॅकरी कोप या ब्रिटिश शल्यविशारदाचं तीव्र पोटदुखीच्या निदानावरचं पुस्तक १९२१ मध्ये आलं. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या डॉक्टर असं मानत आले की निदान होईपर्यंत वेदनाशामक देऊच नये. आता ते मत बदललं आहे. रुग्णालयात, तपासणाऱ्याच्या नजरेखाली वेदना कमी केल्यानं निदान बिघडत नाही, असं चाचण्यांतून दिसलं. मात्र हे रुग्णालयातलं सत्य आहे. घरी गोळी घेतली, थोडं बरं वाटलं, 'उद्या पाहू' म्हटलं, आणि रात्रीत अपेंडिक्स फुटलं, असं घडतं तेव्हा दोष त्या हरवलेल्या रात्रीचा असतो.

पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वारा सरत नाही आणि शौचालाही होत नाही, तेव्हा आतड्यात अडथळा असण्याची शक्यता असते. अशा आतड्याला सैल करणारं औषध देणं धोक्याचं आहे. पाळी चुकलेल्या बाईच्या ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखू लागलं, चक्कर आली, खांद्यात कळ गेली, तर गर्भ नळीत राहून नळी फुटल्याचं ते लक्षण असू शकतं. हे पाळीचं दुखणं समजून गोळीवर निभावणं जिवावर बेततं. इथे घटका महत्त्वाच्या असतात, १०८ला फोन करावा. आणि पाळीचं दुखणं दरमहा वाढतच चाललं असेल, गोळीनं भागेनासं झालं असेल, पाळी नसतानाही दुखत असेल, तर ते एंडोमेट्रिओसिस असू शकतं. मुलीला तपासायला न्यावं, गोळ्यांचा आकडा वाढवू नये.

विदर्भात आणखी एक नाव ध्यानात ठेवावंच लागतं, ते सिकलसेलचं. कोलाम, गोंड, परधान अशा आदिवासी समाजांत आणि इतरही काही समाजांत हा आनुवंशिक आजार आढळतो. रक्तातल्या तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे असह्य वेदना उठते. ती हाडांत उठते, छातीत उठते, पोटातही उठते. पाणी कमी पडलं, थंडी वाजली, ताप आला की हा झटका उसळतो. पोटातल्या अशा झटक्यावर आतडं सैल करणाऱ्या औषधाचा उपयोग नाही, कारण आतडं आवळलेलंच नसतं. सिकलसेलनं मूत्रपिंड आधीच नाजूक झालेलं असतं, त्यामुळे वेदनाशामकाचा अर्धा भागही जपून वापरावा लागतो. लहान मुलाचं पोट डाव्या बरगडीखाली अचानक फुगलं आणि मूल पांढरंफटक पडलं, तर प्लीहेत रक्त साचत असतं. त्या मुलाला रक्त लागतं, तेही तातडीनं. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली, तपासणी मोफत होते. ज्या घरात एकाला सिकलसेल आहे त्या घरातल्या प्रत्येकानं ती करून घ्यावी, म्हणजे पोटदुखीच्या वेळी निदान अंधारात राहत नाही.

आणि मग फवारणी. २०१७च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात जे घडलं ते देशानं पाहिलं. पऱ्हाटी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती, बोंडअळीनं जेर केलं होतं, आणि दोन-तीन कीटकनाशकं एकाच पंपात मिसळून माणसं उंच पिकात शिरत होती. फवारा तोंडावर, छातीवर येत होता. विसाहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ८०० हून जास्त जणांना रुग्णालयात भरती करावं लागलं, कित्येकांच्या डोळ्यांना इजा झाली. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे वॉर्ड भरून गेले होते.

त्या विषारी द्रव्यांतला मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखा गट नेमका ॲसिटिलकोलिनशीच खेळतो. शरीरात ॲसिटिलकोलिन मोडणारं एक विकर असतं. हे विष त्याला निकामी करतं, आणि ॲसिटिलकोलिन साचत जातं. मग पोटात मुरडा येतो, मळमळतं, उलट्या-जुलाब होतात, लाळ गळते, घामाच्या धारा लागतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. पुढे छातीत द्रव साचतो, स्नायू फडफडतात, मग लुळे पडतात आणि श्वास थांबतो. या यादीत पोटाचा मुरडा पहिल्या काही लक्षणांत आहे, आणि संध्याकाळी फवारणी करून आलेल्या माणसाला तो शिळ्या भाजीचा वाटतो.

अशा वेळी डायसायक्लोमिनची गोळी घेतली तर काय होईल? ती ॲसिटिलकोलिनचीच वाट अडवते, त्यामुळे पोटाची कळ थोडी दबेल. घरच्यांना वाटेल, उतार पडला. पण स्नायू लुळे पाडणारी विषाची दुसरी वाट ही गोळी अडवू शकत नाही, आणि साचलेल्या विषापुढे तिची मात्रा अगदीच किरकोळ ठरते. या विषावर रुग्णालयात ॲट्रोपिन शिरेतून देतात. छातीतला द्रव ओसरेपर्यंत ते पुन्हा पुन्हा, नाडी आणि बाहुल्या पाहत द्यावं लागतं. घरी ते शक्य नाही. म्हणून फवारणीच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोटात मुरडा आला तर गोळी घेऊ नये. कपडे उतरवावेत, अंग-केस साबणानं धुवावेत, कीटकनाशकाचा डबा किंवा त्याचं लेबल सोबत घ्यावं आणि सरळ दवाखाना गाठावा. औषध दुकानदारांनीही पोटदुखीची गोळी मागणाऱ्याला जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत एक प्रश्न विचारायलाच हवा: "फवारणी केली काय?"

या जोडगोळ्यांना परवानगी मिळते कशी, असा प्रश्न वाचकाला पडला असेल. एकापेक्षा जास्त औषधं ठरावीक प्रमाणात बांधलेल्या गोळ्यांची भारतात इतकी भाऊगर्दी झाली की त्या तपासायला केंद्र सरकारनं समिती नेमली. अध्यक्ष होते बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे माजी कुलगुरू प्रा. चंद्रकांत कोकाटे. त्यांच्या अहवालावरून १० मार्च २०१६ रोजी ३४४ मिश्रणांवर बंदी आली. कंपन्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली, आणि सर्वोच्च न्यायालयानं फेरतपासणी सांगितली. ती मुंबईच्या ज्येष्ठ औषधशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या समितीनं केली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणं पुन्हा बंद झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ गेली. त्याआधी, २०१३ मध्ये, डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सिफिनच्या विक्रीला भारतात मनाई झाली होती. डायसायक्लोमिनसोबत हे अफूच्या जातीचं वेदनाशामक घातलेल्या एका प्रसिद्ध पोटदुखीच्या कॅप्सूलचं अनेकांना व्यसन जडलं होतं, ईशान्य भारतात तर ती नशेसाठीच विकली जात होती. डायसायक्लोमिन-मेफेनॅमिक ॲसिडची जोडी आजही बाजारात आहे आणि योग्य माणसाला, योग्य दिवसांपुरती ती उपयोगीही आहे. पण एखादी जोडी दुकानात मिळते म्हणून ती निर्धोक, हा समज या इतिहासापुढे टिकत नाही.

३० नोव्हेंबर २०२३ रोजी गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगानं मेफेनॅमिक ॲसिडबद्दल एक सूचना काढली. या औषधानं क्वचित 'ड्रेस' नावाची तीव्र ॲलर्जी होते. ती गोळी घेतल्याबरोबर येत नाही, बहुधा दोन ते आठ आठवड्यांनी येते. ताप येतो, अंगभर पुरळ उठतं, चेहरा सुजतो, गाठी वाढतात, यकृतावर परिणाम होतो. इतक्या दिवसांनी आलेल्या तापाला कुणी डेंग्यू म्हणतं, कुणी गोवर. महिनाभरापूर्वी घेतलेली गोळी आठवत नाही, आणि आठवली तरी पट्टीचा तुकडा कधीच फेकलेला असतो. हा प्रकार दुर्मीळ आहे, गोळीला घाबरून जाण्याचं कारण नाही. पण तो लक्षात आला तो देशभरातून आलेल्या नोंदींमुळे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे. रुग्णानं स्वतः भरायचा अर्ज मराठीतही आहे, आणि १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेत तोंडी माहितीही देता येते. अर्जात विचारतात ते इतकंच: काय त्रास झाला, कधी सुरू झाला, कोणतं औषध घेतलं होतं, कशासाठी, किती, कधीपासून कधीपर्यंत, आणि ते कुणाच्या सल्ल्यानं घेतलं होतं.